विकलेलं तिकीट, रिकामं बाक

सोमवारी सकाळी टेबलावर दोन आकडे येत. पहिला आकडा शनिवारीच वार्ताहरांना सांगितलेला असे: आजच्या सामन्याला इतके प्रेक्षक. दुसरा निघे प्रवेशद्वारावरच्या स्कॅनरमधून, आणि तो सहसा खात्याबाहेर जात नसे. पहिल्यात विकलेली आणि वाटलेली सगळी तिकिटं मोजलेली असत, दुसऱ्यात फक्त आत आलेली माणसं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या क्रीडाखात्यात, तिकीट विभागात, कोल्हापूरची एक मुलगी नोकरीला लागली. तिने पहिल्याच हंगामात हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, आणि पुढे तिची सगळी नोकरी त्यांच्यातल्या फरकाभोवती फिरत राहिली.

फरक मोठा असतो. २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने वेगवेगळ्या विद्यापीठांकडून स्कॅनचे आकडे मिळवून हिशेब मांडला. आदल्या हंगामात अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांना जाहीर झालेल्या प्रेक्षकसंख्येच्या सरासरी ७१ टक्केच तिकिटं दारावर स्कॅन झाली होती. बातमी आली त्या दिवशी तिच्या कार्यालयात कुणालाही नवल वाटलं नाही. पैसे तर जमा झालेत, मग बाक रिकामं राहिलं म्हणून काय बिघडलं, असं तिथले बहुतेक वरिष्ठ मानत. तिला ते कधीच पटलं नाही, आणि त्याचं कारण होतं फोन.

तिकीट विभागात नव्याने आलेल्या प्रत्येकाच्या कानाला हेडफोन लावतात आणि हातात यादी देतात. हंगाम संपला की अख्ख्या हंगामाची तिकिटं एकदम घेणाऱ्या ज्या सीझन तिकीटधारकांनी पुढच्या वर्षाचे पैसे भरलेले नाहीत, त्यांना एकेक करून फोन करायचा. दिवस थंडीचे, बाहेर बर्फ, आणि समोर शेकडो नावं. सुरुवातीला तिला वाटायचं की जो ओरडतो तो हातचा गेला. प्रशिक्षकाला काढा, पार्किंगला एवढे पैसे कसे लावता, आमच्या बाजूच्या स्वच्छतागृहासमोर मध्यंतरात अर्धा तास रांग असते, असं दहा मिनिटं सुनावणारी माणसं शेवटी क्रेडिट कार्डाचा नंबर सांगून फोन ठेवत. सोडून जाणारी माणसं मात्र फार हळू बोलत. मुलं आता मोठी झाली, शनिवार रिकामा मिळत नाही, घरी टीव्हीवर चांगलं दिसतं. आवाजात राग नाही, तक्रार नाही. त्यांचं ठरून गेलेलं असे.

या हळू बोलणाऱ्यांच्या नावापुढे गेल्या हंगामात त्यांची तिकिटं किती वेळा स्कॅन झाली ते ती लिहू लागली. चित्र दरवर्षी तेच दिसे. सोडून जाण्याच्या आधीच्या वर्षी ही माणसं निम्म्याहून कमी सामन्यांना आलेली असत, आणि त्याच्याही आधी एखाददुसरा सामना चुकवायला सुरुवात झालेली असे. म्हणजे पैसे भरूनही न आलेला माणूस ही पुढच्या वर्षी न येणाऱ्या पैशांची आगाऊ सूचना असते. त्या विभागात तिला मिळालेलं हे पहिलं खरं ज्ञान. तिकिटाची किंमत हा विषय त्यानंतर आला.

एवढ्या सगळ्याची गरजच काय, असं कोल्हापूरहून भेटीला आलेल्या तिच्या वडिलांनी विचारलं होतं. समोरचं प्रचंड स्टेडियम बघून ते म्हणाले, "हे सगळं एका कॉलेजचं? मग पोरं शिकत्यात कवा?" प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला तिला अख्खी संध्याकाळ लागली. अमेरिकेत विद्यापीठाचं क्रीडाखातं हा जवळपास स्वतंत्र संसार असतो. त्यात वीस-पंचवीस खेळांचे संघ असतात: पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, नौकानयन, व्हॉलीबॉल, धावणं. त्यांतले बहुतेक खेळ स्वतःचा खर्च भागवू शकत नाहीत. प्रशिक्षकांचे पगार, शिष्यवृत्त्या, विमानप्रवास हे सगळं मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल या दोन खेळांच्या कमाईवर चालतं. ही कमाई टीव्हीचे हक्क, देणग्या, प्रायोजक आणि तिकिटं यांतून येते. मोठ्या लीगमधल्या विद्यापीठांना टीव्हीतून भरपूर मिळतं. लहान विद्यापीठांत कमाई आणि खर्च यांतला खड्डा विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या सर्वसाधारण तिजोरीतून भरला जातो, म्हणजे जी मुलगी एकदाही सामना बघायला जात नाही तीही दर सत्रात त्याचे पैसे भरते. व्हर्जिनिया राज्याला तर २०१५ मध्ये कायदा करून या फीच्या वाट्यावर मर्यादा घालावी लागली.

टीव्हीचा करार लीग करते, प्रायोजक वरच्या मजल्यावर ठरतात. खात्याच्या स्वतःच्या हातात राहतं ते तिकीट. म्हणून अंदाजपत्रकात तूट दिसली की सगळ्यांची नजर पहिल्यांदा तिकीट विभागाकडे वळते.

तिकिटाचे पैसे खरं तर तिकिटावर छापलेल्या किमतीत मावत नाहीत. चांगल्या जागेसाठी आधी देणगी द्यावी लागते, आणि देणगी जितकी जुनी आणि मोठी, तितकी जागा मैदानाच्या मध्यरेषेजवळ. ही पद्धत जुनी आहे. क्लेम्सन विद्यापीठाच्या देणगीदारांची संस्था १९३४ साली वर्षाला दहा डॉलर या हिशेबाने सुरू झाली आणि तिच्या आयपीटीएवाय या आद्याक्षरांतच ते दहा डॉलर बसवलेले आहेत. पुढे रकमा वाढत गेल्या. १९८८ च्या कायद्याने अशा जागेसाठी दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर आयकरात सवलत मिळू लागली, आणि देशभरच्या स्टेडियमांतल्या बऱ्याच रांगांना एकेक करून देणगीची अट लागली.

ही अट तिच्या स्टेडियमच्या आणखी एका विभागाला लागू झाली तेव्हा पत्रं पाठवण्याचं काम तिच्याकडे होतं. पत्रानंतर एक वयस्क जोडपं थेट खिडकीवर आलं. शेतकरी माणसं, दोन तास गाडी चालवून आलेली. त्यांच्या दोन जागा घरातल्या थोरल्यांपासून चालत आलेल्या होत्या. आता त्या राखायच्या तर तिकिटाशिवाय दर जागेमागे वेगळी देणगी द्यायची, नाहीतर कोपऱ्यात वरच्या बाजूला सरकायचं. आजोबांनी नकाशा उलटसुलट फिरवून बघितला. आजींनी विचारलं की शेजारची चार माणसं कुठे जाणार आहेत? त्या चौघांची नावं तिने संगणकावर शोधली. दोघे देणगी भरून तिथेच राहणार होते, दोघांनी तिकिटं सोडली होती. जोडपं वर सरकलं. पुढच्या हंगामात त्यांचे निम्मे सामने स्कॅन झाले आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते तिच्या फोनच्या यादीत होते.

खात्याच्या हिशेबात तो विभाग यशस्वी ठरला. एकूण रक्कम वाढली होती, तिनेच तो तक्ता बनवला होता. पण त्या आजींना सामन्याइतकीच शेजारची माणसं हवी होती. वर्षानुवर्षं सहा-सात शनिवार एकाच बाकावर बसलेल्या त्या सहा जणांना एकमेकांच्या मुलांची लग्नं, आजारपणं, पीकपाणी ठाऊक होतं. ते बाक मोडलं तेव्हा खात्याने आपल्या मालातला सगळ्यात टिकाऊ भाग स्वतःच्या हाताने काढून टाकला, असं तिचं ठाम मत आहे. त्यानंतर जागांची फेरवाटणी करताना शेजार एकत्र हलवण्याची सोय तिने भांडून करून घेतली. संगणकाच्या प्रणालीत ते किचकट होतं. तरी झालं.

डिसेंबर २०१७ तिच्या चांगलाच लक्षात आहे. नव्या करकायद्याने ती ८० टक्क्यांची सवलत नव्या वर्षापासून बंद होणार हे नक्की झालं, आणि नाताळच्या सुट्टीत सगळे फोन एकाच वेळी खणखणू लागले. पुढच्या कित्येक वर्षांची देणगी आत्ताच भरता येईल का, असं लोक विचारत होते. देशभरच्या क्रीडाखात्यांनी तसं करायला प्रोत्साहनही दिलं. पैशांचा ओघ मोठा होता. त्याच आठवड्यात तिने वरिष्ठांना एक टिपण दिलं: हे पैसे पुढच्या वर्षांचे आहेत, ते आत्ता खर्च केले तर दोन वर्षांनी याच माणसांकडे मागण्यासारखं काही उरणार नाही.

या धंद्यात किमतीबद्दल बोलताना सगळे मिशिगनचं उदाहरण देतात, आणि ते योग्यच आहे. अ‍ॅन आर्बरचं मिशिगन स्टेडियम १,०७,६०१ जागांचं. १९७५ पासून, २०२० च्या साथीचं वर्ष सोडलं तर, तिथल्या प्रत्येक सामन्याला एक लाखाहून जास्त प्रेक्षक असल्याची नोंद आहे. अशा ठिकाणी मागणी कधी आटेल असं कुणाला वाटलं नव्हतं. क्रीडासंचालक डेव्ह ब्रँडन आधी डॉमिनोज पिझ्झाचे प्रमुख होते, आणि त्यांनी खात्याला कंपनीसारखी शिस्त लावली. २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तिकिटांचे दर वाढले. शिवाय वरच्या वर्गातल्यांना पुढची जागा ही जुनी पद्धत मोडून आधी येईल तो आधी बसेल असं ठरलं. २०१४ मध्ये तर घरच्या मैदानावर ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट, नोत्र दाम यांतला एकही सामना नव्हता. विद्यार्थ्यांचं सीझन तिकीट २८० डॉलरचं होतं, आणि एका वर्षात ती तिकिटं घेणाऱ्यांची संख्या एक तृतीयांशाहून अधिक घसरली.

त्या सप्टेंबरात दोन कोकच्या बाटल्या घेतल्या तर मिनेसोटाविरुद्धच्या सामन्याची दोन तिकिटं, अशी योजना दुकानांत दिसली. बोभाटा होताच ती मागे घेतली गेली. पण शेकडो डॉलर भरलेल्या माणसाने ती पाहिली होती. महिनाअखेर विद्यार्थी विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरापर्यंत मोर्चा घेऊन गेले. मोर्चाचं तात्कालिक कारण एका खेळाडूच्या डोक्याला मार लागूनही त्याला मैदानावर ठेवल्याचं होतं, पण साठलेला राग तिकिटांचाही होता. ३१ ऑक्टोबर २०१४ ला ब्रँडन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या हंगामी संचालकांनी पुढच्या वर्षासाठी विद्यार्थ्यांचा दर १७५ डॉलरवर आणला.

तिच्या कार्यालयात या प्रकरणाचे दोन अर्थ लावले गेले. काहींच्या मते संघ हरत होता एवढंच कारण. संघ हरला की लोक कमी येतात हे खरंच आहे, ते कुणीच नाकारत नाही. पण हरणारे संघ याआधीही होऊन गेले होते, आणि तेव्हा विद्यार्थी मोर्चे काढत नव्हते. तिला त्यातला मुद्दा वेगळा दिसला. दर वाढवणं आणि जागेचा मान काढून घेणं या दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या, आणि वर अनोळखी माणसाला तेच तिकीट कोकबरोबर मिळणार असं दिसलं. महाग तिकीट माणूस सहन करतो. आपण दिलेल्या किमतीची बाजारात किंमत नाही हे मात्र तो सहन करत नाही.

हे तिने स्वतःच्या खिडकीवर वारंवार पाहिलं होतं. नोव्हेंबरातला थंडगार सामना, समोर दुबळा संघ, विक्री मंद. वरून सूचना येते: तिकिटं वाटा, टीव्हीवर रिकाम्या रांगा दिसायला नकोत. शाळांना वाटा, प्रायोजकांना वाटा, एकावर एक फुकट द्या. लहान विद्यापीठांत तर यामागे आणखी एक कारण होतं. वरच्या गटात टिकायचं असेल तर घरच्या सामन्यांना सरासरी १५ हजार प्रेक्षक हवेत असा राष्ट्रीय संघटनेचा नियम बरीच वर्षं होता, आणि तो आकडा गाठायला प्रायोजक कंपन्यांना स्वस्तात तिकिटं घ्यायला लावल्याची उदाहरणं आहेत. फुकट तिकिटांपैकी फार थोडी दारापर्यंत पोचतात, हे स्कॅनर स्पष्ट दाखवतो. ज्याच्यासाठी काही दिलेलं नाही, ते पावसाची एक सर आली तरी घरीच राहतं. आणि दुसऱ्या दिवशी सीझन तिकीटधारकांचे फोन येतात: माझ्या शेजारचा म्हणतोय त्याला ऑफिसात फुकट मिळालं, मग मी कशाचे पैसे भरतोय?

म्हणून तिने एक नियम लावून धरला आणि काही हंगामांनी तो खात्याने लेखी मान्य केला. सीझन तिकिटाला एका सामन्यामागे जो दर पडतो, त्याच्याखाली त्याच विभागातलं एकही तिकीट विकायचं नाही, मग ते शेवटच्या तासापर्यंत पडून राहिलं तरी चालेल. मदत करायची असेल तर वेगळ्या विभागात, वेगळ्या नावाने आणि मुलांसाठी करायची. नियम लावला त्या वर्षी टीव्हीवर रिकामी बाकं जास्त दिसली, आणि बैठकीत तिला त्याचं उत्तर द्यावं लागलं. पुढच्या वर्षी सीझन तिकिटं सोडणारे कमी झाले.

दर सामन्यानुसार किंमत बदलण्याची पद्धत याच काळात आली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाने २००९ मध्ये ती थोड्या जागांवर करून पाहिली, पुढच्या वर्षी सगळीकडे लागू केली, आणि मग विद्यापीठांनी ती उचलली. मागणी वाढली की दर वर. विमानाच्या तिकिटांमुळे हे सगळ्यांना सवयीचं झालेलं आहे. तिला यात वावगं काही वाटत नाही, एक गोष्ट सोडून: भाव खाली येऊ दिला, तर ज्याने आधी आणि भरवशाने घेतलं तो मूर्ख ठरतो.

यावर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने काढलेली तोड तिला फार आवडली. तिथल्या संदीप बालिगा आणि जेफ एली या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ च्या सुमारास पर्पल प्रायसिंग नावाची पद्धत सुचवली. किंमत वरून सुरू होऊन हळूहळू उतरत जाते, वाटेल तेव्हा घ्या, पण शेवटी ज्या किमतीला विक्री थांबेल तीच सगळ्यांना लागते. आधी जास्त दिलेल्यांना फरक परत मिळतो. लवकर घेणाऱ्याचं नुकसान नाही, वाट बघणाऱ्याला फुकटचा फायदा नाही. तिने ती पद्धत आपल्याकडे एका मोठ्या सामन्यासाठी सुचवली होती. पैसे परत करायची तयारी वरच्या मंडळींकडे नव्हती. प्रस्ताव तिथेच राहिला, याची तिला अजून हळहळ आहे.

विद्यार्थ्यांकडे लक्ष तिने नंतर वळवलं, आणि तिथेच तिच्या कामाला खरी दिशा मिळाली. सगळीकडे एकच तक्रार होती: पोरं उशिरा येतात, मध्यंतरात जातात. अलाबामासारख्या, जिंकणं नेहमीचं असलेल्या विद्यापीठातही प्रशिक्षक निक सेबन जाहीरपणे नाराजी बोलून दाखवत. २०१९ मध्ये तिथे फोनवरचं एक अ‍ॅप आलं. विद्यार्थी स्टेडियममध्ये शेवटपर्यंत आहे का हे ते फोनच्या ठिकाणावरून बघणार, थांबल्यास गुण देणार, आणि गुणांवर मोठ्या सामन्यांची तिकिटं मिळणार. तिच्या खात्यातही तसं काही आणायचा विचार झाला. तिने त्याऐवजी मध्यंतरात विद्यार्थ्यांच्या दारावर उभं राहून बाहेर पडणाऱ्यांना विचारायला सुरुवात केली. उत्तरं साधी होती. फोनला रेंज नाही, पाण्याची बाटली महाग, मित्र वेगळ्या विभागात बसलेत, सामना टीव्हीच्या जाहिरातींसाठी सारखा थांबतो, आणि सामना किती वाजता आहे हे बारा दिवस, कधी कधी तर सहाच दिवस आधी कळतं. शेवटच्या दोन गोष्टी टीव्हीवाल्यांच्या हातात. पहिल्या तीन खात्याच्या हातात होत्या. पाणी भरायच्या जागा वाढल्या, मित्रांना गट करून तिकिटं घेता येऊ लागली. रेंजचं काम खर्चिक होतं, ते उशिरा झालं.

हे करताना तिच्या मनात कोल्हापूरचं शाहू स्टेडियम होतं. तिथे तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने बघत ती मोठी झाली. घरातले आजोबा, काका ज्या तालमीचे, त्याच तालमीची पोरं. कुणी जाहिरात करून कुणाला कुठल्या संघाचा केलेलं नसतं. लहानपणी खांद्यावर बसवून नेलेलं असतं, आणि पेठ सोडून मुंबई-पुण्याला गेलेला माणूसही निकाल विचारतो. अमेरिकेतल्या त्या गावात हेच घडत असणार असं तिला वाटे, पण वाटण्यावर अंदाजपत्रक चालत नाही. तेव्हा एका उन्हाळ्यात तिने दोन नोंदी एकमेकांशी जुळवल्या: आजचे सीझन तिकीटधारक, आणि शिकत असताना विद्यार्थी तिकिटं घेतलेले माजी विद्यार्थी. आधीची बरीच वर्षं कार्डांवर होती, ती हाताने भरावी लागली.

निकाल तिच्या अपेक्षेपेक्षाही ठळक निघाला. चाळिशी-पन्नाशीत देणगी भरून तिकीट घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांमध्ये बहुतेक जण शिकत असताना नियमित सामने बघणारे होते. विद्यार्थी असताना न आलेला माणूस पुढे श्रीमंत झाला तरी क्वचितच आला. मधली दहा-पंधरा वर्षं, नोकरी आणि लहान मुलांची, जवळपास सगळेच गायब असतात, आणि मग ज्यांना सवय होती ते परत येतात. विद्यार्थ्यांच्या बाकावरचा दर वीस वर्षांनी येणाऱ्या देणगीशी बांधलेला आहे, असं ती आता कागद समोर ठेवून म्हणू शकत होती. त्या तक्त्यानंतर विद्यार्थ्यांच्या तिकिटांचे दर वाढवण्याचा विषय बैठकीत निघाला तर आधी तो तक्ता मागवला जातो.

महिलांच्या खेळांनी तिला याच गोष्टीची दुसरी बाजू शिकवली. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलींना खेळण्याची बरोबरीची संधी देणं विद्यापीठांना बंधनकारक झालं, पण प्रेक्षक आणणं कायद्याच्या हातात नसतं. तिच्या विद्यापीठात व्हॉलीबॉलचे सामने बरीच वर्षं फुकट होते आणि गॅलरी अर्धी रिकामी. तिने तिकीट लावायचा आग्रह धरला. थोडंच, पण छापील, जागेच्या क्रमांकासह. लहान मुलांना अगदी नाममात्र. सामने शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी, आणि संपल्यावर खेळाडू मुलींना भेटतील अशी सोय. सहकाऱ्यांना भीती होती की असतील तेही जातील. तसं झालं नाही. पैसे देऊन ठरवून आलेलं कुटुंब वेळेवर आलं, शेवटपर्यंत बसलं आणि पुढच्या सामन्याची तारीख विचारून गेलं.

नेब्रास्काने हे केवढ्या प्रमाणावर करता येतं ते दाखवलं. तिथल्या फुटबॉल स्टेडियममध्ये ३० ऑगस्ट २०२३ ला व्हॉलीबॉलचा सामना भरवला. मोठ्यांना २५ डॉलर, शाळकरी मुलांना ५. प्रेक्षक ९२,००३. अमेरिकेत महिलांच्या सामन्याला इतकी गर्दी झाल्याची नोंद त्याआधी नव्हती. एका दिवसाचा तमाशा म्हणून ते बाजूला सारता येत नाही, कारण त्या विद्यापीठात व्हॉलीबॉलची तिकिटं २००१ पासून संपत आलेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयोवाने महिला बास्केटबॉलचा सामना उघड्या फुटबॉल मैदानावर घेतला आणि ५५,६४६ लोक आले. केटलिन क्लार्क नावाची अफाट खेळाडू संघात होती हे खरं. पण स्टँडमध्ये तिचं नाव पाठीवर लिहिलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुली बघितल्यावर तिकीट विभागातल्या या बाईला पुढच्या तीस वर्षांची यादी दिसत होती.

२०२० बद्दल ती थोडक्यात बोलते. साथीमुळे त्या हंगामात तिच्या लीगमध्ये प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. तिचं काम होतं पैसे परत करायचं. प्रत्येक तिकीटधारकाला तीन पर्याय दिले होते: परतावा, पुढच्या वर्षासाठी जमा, किंवा देणगी. बऱ्याच लोकांनी पैसे परत घेतले नाहीत. एका निवृत्त शिक्षिकेने फोनवर सांगितलं की हे पोहणाऱ्या मुलांना द्या. तोवर देशभरातून खेळ बंद झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. स्टॅनफर्डने ११ खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी माजी खेळाडूंच्या रेट्याने निर्णय फिरवला. आयोवाने चार खेळ बंद केले, त्यातलं फक्त महिलांचं पोहणं परत आलं. फुटबॉलची बाकं रिकामी राहिली की पहिल्यांदा पाणी कुठलं आटतं, ते त्या वर्षी सगळ्यांना दिसलं.

आणि आता नवं ओझं. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी राष्ट्रीय संघटनेविरुद्ध लढवलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी २०५ लाख डॉलरपर्यंत. तिच्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. ज्यांच्यासाठी लोक तिकीट काढतात त्यांना त्यातला वाटा मिळू नये, हे तिला खिडकीवर बसून कधीच नीट समजावता आलं नव्हतं. पण रक्कम कुठून तरी यायला हवी. टेनेसी विद्यापीठाने २०२४ मध्येच पुढच्या हंगामाच्या सीझन तिकिटांवर १० टक्के ‘टॅलेंट फी’, म्हणजे खेळाडूंसाठीचं शुल्क, लावणार असल्याचं सांगितलं, शिवाय सरासरी साडेचार टक्के वेगळी दरवाढ. शुल्क कशासाठी आहे ते स्पष्ट सांगितलं, याचं ती कौतुक करते. माणसाला आपला डॉलर कुठे जातो हे सांगितलं तर तो निदान विचार करून नाही म्हणतो.

तिच्याच खात्यात गेल्या हिवाळ्यात यावर बैठका झाल्या. अर्थविभागाने प्रत्येक विभागाची दर बाकामागची कमाई मांडली आणि सगळ्यात खाली दोन विभाग निघाले: विद्यार्थ्यांचा, आणि एका टोकाच्या गोलमागे तिने हट्टाने सुरू केलेला कुटुंबांचा, जिथे मुलांचं तिकीट मोठ्यांच्या पाव किमतीत मिळतं. दोन्हींचे दर वाढवून किंवा जागा कमी करून तिथे पाहुण्यांसाठी बंदिस्त कक्ष बांधावेत असा प्रस्ताव होता. तिने माजी विद्यार्थ्यांचा तो तक्ता पुन्हा मांडला. या वेळी त्यात कुटुंब विभागाचे स्कॅनही जोडले होते. पूर्ण स्टेडियममध्ये विकलेल्या तिकिटांपैकी सगळ्यात जास्त तिकिटं वापरली जाणारा विभाग तोच होता.

चर्चा तीन बैठका चालली. शेवटी ठरलं ते असं: मध्यरेषेजवळच्या जागांवर नवं शुल्क, ते खेळाडूंच्या वाट्यासाठी आहे असं बिलावर लिहून. कक्ष बांधायचे, पण जुन्या पत्रकार गॅलरीच्या जागी. विद्यार्थ्यांचे आणि कुटुंब विभागाचे दर तीन हंगाम हलवायचे नाहीत, त्यानंतर पुन्हा हिशेब. पत्रं फेब्रुवारीत गेली, आणि नव्याने नोकरीला लागलेल्या दोन मुलांना तिने हेडफोन दिले, यादी दिली, आणि प्रत्येक नावापुढे स्कॅनचा रकाना ठेवायला सांगितलं.